तुकडा नंबर अकरा

दुर्बिणीत अक्का उलटी दिसली, आणि यज्ञेश्वर मोघ्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की ती बुडते आहे. उलटं दिसण्यात नवल नव्हतं. मोजणीच्या दुर्बिणीत सगळंच उलटं दिसतं, पाणी वर आणि आभाळ खाली, झाडं शेंड्यावर उभी. अठरा वर्षं डोळा लावून लावून त्याला त्यात काही वेगळं आहे हेही आता जाणवत नसे. पण पाण्यात एक बाई निश्चल पडलेली होती, फिकट लुगडं तिच्याभोवती फुगून आलं होतं, आणि ती बाई त्याची बहीण होती. ती आत्ता गोपाळ मंदिरात पोथी ऐकत बसलेली असायला हवी होती. ओरडण्यासाठी त्यानं तोंड उघडलंही. तेवढ्यात तिनं उजवा हात सावकाश डोक्यामागे नेला आणि पाणी असं मागे सारलं, जसं कुणी अंथरुणावर कूस बदलताना चादर सारतं. मग डावा हात. ती पोहत होती. पाठीवर, डोळे मिटून, अंगाला कुठेही घाई नसलेली. मधल्या पात्राच्या अलीकडे आल्यावर तिनं तोंडात पाणी घेतलं आणि वर उडवलं. शेहेचाळीस वर्षांच्या बाईनं, चुळीचं कारंजं करून. यज्ञेश्वरनं डोळा काढला. दुर्बिणीशिवाय तिथं नुसता एक पांढुरका ठिपका होता, समोरच्या काठाखाली, चिंचांच्या सावलीत. त्याच्या बाजूला वही धरून उभा असलेला, मोजणीची साखळी ओढणारा चेनमन गेंदालाल म्हणाला, "बाबूजी, ग्यारह में कोई है के नी?"

"आहे," यज्ञेश्वर म्हणाला, आणि मग हिंदीत, "एक है."

"जनाना के मरदाना?"

"जनाना."

"कंई कर री है?"

यज्ञेश्वरनं पुन्हा डोळा लावला. लावायची गरज नव्हती. "तैर रही है," तो म्हणाला. "लाओ, मैं लिखता हूँ." गेंदालालकडून वही घेऊन त्यानं आपल्या हातानं रकाने भरले. तुकडा अकरा. गुरुवार. दुपारी तीन वाजून पस्तीस मिनिटे. स्त्री. वय अंदाजे पंचेचाळीस ते पन्नास. तिची जन्मतिथी त्याला ठाऊक होती, माघ शुद्ध पंचमी. पण वहीत सगळ्यांची वयं अंदाजेच लिहायची असं ठरलेलं होतं, आणि 'अंदाजे' लिहिताना त्याला थोडा आधार वाटला.

हे काम ऑगस्टात आलं होतं. यज्ञेश्वर उज्जैनच्या नगर सुधार कचेरीत नकाशे काढायचा. अठराव्या वर्षी ग्वाल्हेर दरबारच्या नोकरीत नकाशे गिरवणारा ट्रेसर म्हणून चिकटला, मग दरबार गेला आणि मध्यभारत आलं, आणि आता नोव्हेंबरच्या एक तारखेला मध्यभारतही जाऊन नवा मध्यप्रदेश व्हायचा होता. टेबल तेच, दौत तीच, शिक्का तिसरा. इतक्या वर्षांत त्यानं गटारं काढली, हद्दी काढल्या, कुणाचा ओटा रस्त्यावर किती फूट आला ते काढलं. पण मुंबईहून काही महिन्यांसाठी मागून आणलेले सुहास कर्णिक नावाचे नगररचनेचे अधिकारी आले, आणि त्यांनी पहिल्याच दिवशी टेबलावर एक लांबच लांब नकाशा उलगडला. तो समुद्राचा काठ होता, मुंबईपासून खाली अलिबागच्या पुढपर्यंतचा. काठाला हिरव्या रंगाचे तुकडे होते, कुठं गडद, कुठं फिके, कुठं पांढरा कागद तसाच. जिथं माणसं वारा खायला, फिरायला, पोहायला, नुसतं बसायला जास्त येतात तिथं गडद, असं कर्णिक म्हणाले. त्याला ते किनाऱ्याचं करमणूक-मूल्य म्हणत. धक्का कुठं बांधायचा, गोदामं कुठं घालायची आणि वाळू कुठं मोकळी ठेवायची हे त्यावरून ठरवता येतं. "तुमच्याकडे समुद्र नाही," ते म्हणाले, "पण पाणी आहे आणि काठ आहे. पद्धत तीच." कचेरीचे मुख्य भय्यासाहेब, जुन्या सरदार घराण्यातले, पान चघळत हसले. "करमणूक? शिप्रेच्या काठी? अहो कर्णिकसाहेब, इथं लोक पाप धुवायला येतात." त्यावर कर्णिकांनी शांतपणे विचारलं, "धुऊन झाल्यावर लगेच घरी जातात का?" भय्यासाहेबांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. यज्ञेश्वरनं समुद्र कधी बघितला नव्हता. तो त्या हिरव्या पट्ट्यांकडे बघत राहिला. माणसं जिथं काही कामाशिवाय जातात त्या जागांचाही नकाशा होतो, हे त्याला कुणी आजवर सांगितलं नव्हतं.

तेव्हा गऊघाटापासून मंगलनाथापर्यंत काठाचे चोवीस तुकडे पाडले, आणि प्रत्येक तुकडा तीन वेगवेगळ्या वारी मोजायचा असं ठरलं. श्रावणाची गर्दी ओसरल्यावर मोजणी सुरू झाली. यज्ञेश्वरला ते काम आवडू लागलं, इतकं की घरी जेवताना तो त्यातलं काही काही सांगायचा. राम घाटावरचा एक पंडा यजमानाची पिंडं पाण्यात सोडून झाली की धोतराचा काचा मारून पलीकडच्या काठाला पोहत जातो आणि तिथं तास तास पडून राहतो. सराफ्यातले दोन दुकानदार, एकमेकांशी भांडलेले असावेत, रोज सायंकाळी एकाच पायरीवर दहा हात अंतर ठेवून बसतात आणि एकदमच उठतात. बायका तीन कपडे धुवायला येतात आणि दोन तास राहतात. रकाने तीन होते, धर्माचे, कामाचे आणि करमणुकीचे, आणि माणसं एका रकान्यात मावत नव्हती. गेंदालालनं विचारलं होतं, "बाबूजी, पहली डुबकी तो धरम की. पर आदमी दूसरी लगावे तो?" यज्ञेश्वरनं विचार करून सांगितलं होतं, "पहली उसमें लिखो, दूसरी इसमें." हे ऐकून त्याची बायको सुमन हसली होती, जयू आणि सुलू या मुली हसल्या होत्या. अक्का वाढत होती. तिनं भाताचं भांडं खाली ठेवून विचारलं होतं, "कोणकोणते घाट मोजणार?" आणि तो म्हणाला होता, "सगळेच." ती पुन्हा वाढायला लागली होती. आता ते आठवताना त्याला वाटलं, त्या विचारण्यात काही होतं का? की आता दुर्बिणीत बघितल्यावर आपण मागचं सगळं उलटं करून बघतो आहोत?

त्या दिवशी कार्तिक चौकातल्या घरी तो जरा लवकर गेला. सायकल आत घेतली. अक्का शेगडीपाशी होती, डोक्यावरून पदर घेतलेला, आणि पदराखालचे केस ओले. हे ओले केस त्यानं किती वर्षं बघितले होते. लहानपणापासून. संध्याकाळी ती त्याच्या कपाळाला अंगारा लावायला वाकली की मानेपाशी तिच्या वेणीतून थंड काहीतरी टपकायचं, आणि त्याला नदीच्या शेवाळाचा वास यायचा. आई गेली तेव्हा तो दहा वर्षांचा होता. अक्का त्याआधी एक वर्ष सासरहून परत आली होती, अठराव्या वर्षी, कायमची. वडिलांनी तिचे केस उतरवू दिले नाहीत, त्यावरून जातीतल्यांशी भांडण घेतलं, आणि त्यानंतर तिच्याबद्दल घरात पुन्हा काही ठरवायची वेळ आली नाही. ती होती. भिंत असते, विहीर असते, तशी. तिनं त्याला शाळेत पोचवलं, गोवरात उशाशी बसली, त्याच्यासाठी सुमन बघितली, दोन्ही मुलींच्या वेळेला बाळंतपण केलं. दुपारी तीन ते पाच ती पोथीला जायची. ते दोन तास तिचे आहेत असं कुणी म्हटलं नव्हतं, पण त्या वेळात तिला कुणी काम सांगत नसे. परत आली की केस ओले का, असं लहानपणी त्यानं एकदा विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, "देवळातून येताना तीर्थाला हात लावून आले." हात. सत्तावीस वर्षं त्याला ते उत्तर पुरलं होतं. आज तो ताटावर बसून तिच्या दंडाकडे बघत होता. दंड भरीव होते, खांद्यापाशी गोलसर, मुलींना कडेवर घेऊन आणि पाणी ओढून झालेले असं तो समजत आला होता. "काय बघतोस?" अक्कानं विचारलं. "काही नाही. आज कोणता अध्याय झाला?" त्यानं विचारलं, आणि विचारल्याबरोबर त्याला आपली शरम वाटली. "ध्रुवाचा," ती सहज म्हणाली. "पोळी घे."

तुकडा अकराच्या अजून दोन मोजण्या राहिल्या होत्या. त्या करायला तो कचेरीतल्या दुसऱ्या कुणालाही पाठवू शकला असता. दुसऱ्यानं तिच्याकडे दुर्बिणीतून बघू नये म्हणून आपणच जायचं, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण सायकलवर जाताना आपण घाई करतो आहोत हेही त्याला कळत होतं. रविवारी ती चिंचेच्या मुळाशी लुगडं गुडघ्याच्या वर खोचून बसली होती आणि पेरू खात होती, बिया मोजून मोजून पाण्यात टाकत असल्यासारखी. मग उठून तिनं पाण्यात सूर मारला. सूर, पायऱ्या उतरल्यासारखं जाणं नाही. ती बराच वेळ वर आली नाही, आणि तो मनात आकडे मोजू लागला, एकवीस, बावीस, आणि ती वर आली ती वीस हात पुढे, केस तोंडावर आलेले, हसत. कुणाकडे बघून ती हसत होती? त्यानं दुर्बीण डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. कुणी नव्हतं. घरी ती हसत नसे असं नाही; मुलींच्या खोड्यांना हसायची, सुमनच्या हिंदी बोलण्याला हसायची. पण ते हसणं कुणाला तरी दिलेलं असायचं. मंगळवारी, तिसऱ्या दिवशी, तिनं काठावर केस पिळले, पदर नीट घेतला, आणि वरच्या वाटेला लागल्यावर चार पावलांत तिची चाल बदलली. खांदे पुढे आले. तो घरातली अक्का बघत होता. वहीत त्यानं लिहिलं, स्त्री, एक, पोहणे व बसणे, एक तास वीस मिनिटे. गेंदालालनं विचारलं, "वाही बाई है कंई?" यज्ञेश्वर म्हणाला, "मालूम नहीं."

आकडे जमवून झाल्यावर कर्णिकांबरोबर तो रंग भरायला बसला. वीसच्या वर सरासरी असेल तो तुकडा हिरवा. तिथं पायवाट, बाकं, दिवे, रविवारी बँड. पाच ते वीस असेल तो फिका. तो राखून ठेवायचा, पुढं केव्हातरी पुन्हा पाहणी करायची. पाचच्या खाली पांढरा. तो इतर उपयोगाला मोकळा. भय्यासाहेबांना नव्या पंपघरासाठी जागा हवी होती, पाणी खोल असलेली आणि लोकांची ओरड न होणारी. ते टेबलावर वाकून म्हणाले, "अकरा. एकदम फर्स्ट क्लास आहे. खोली आहे, रस्ता जवळ, आणि माणूस एक. कोण आहे हो हा एक?" "एक बाई आहे," यज्ञेश्वर म्हणाला. "तिला सांगू दुसरीकडे जा म्हणून," भय्यासाहेब म्हणाले, आणि पान थुंकायला खिडकीशी गेले. ते गेल्यावर यज्ञेश्वरनं कर्णिकांना विचारलं, "साहेब, ज्या जागी कुणी येत नाही म्हणूनच एखादं माणूस जातं, ती जागा यात कशी दाखवायची?" कर्णिकांनी चष्मा काढून पुसला. ते दुष्ट माणूस नव्हते. "नाही दाखवता येत," ते म्हणाले. "तिकडे कोकणात एक खडकाळ कोपरा होता. मीच जायचो. मोजणीत माझा मीच एक. पांढरा सोडला तर गोदाम येणार, हिरवा केला तर माणसं येणार. शेवटी फिका केला." "आकडा बदलून?" कर्णिकांनी चष्मा लावला. "मोघे, रंगाचं पाणी बदला, गढूळ झालंय," ते म्हणाले.

सहा किंवा सात. तेवढं पुरणार होतं. बाकीच्या सहाजणांची वयं अंदाजे लिहायची, वेळ लिहायची, कुणी विचारायला येणार नव्हतं. अठरा वर्षांत यज्ञेश्वरनं एक रेघ खोटी काढली नव्हती, एकदा एका मोठ्या माणसाच्या ओट्यासाठी दबाव आला तेव्हाही नाही; ते सगळं त्या रात्री अंथरुणावर त्याच्या डोळ्यांपुढं आलं खरं, पण त्याला अडवत होतं ते ते नव्हतं. त्याला वाटत होतं, हे तिला विचारल्याशिवाय करता येत नाही. आणि विचारायचं तर आधी सांगावं लागेल.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी सुमन मुलींना घेऊन टावर चौकात कापड बघायला गेली. अक्का ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होती. यज्ञेश्वर तिच्यासमोर पाटावर बसला. पाट फार बुटका होता, त्याचे गुडघे वर आले.

"अक्का, तू मोजणीत आली आहेस," तो म्हणाला.

तिची बोटं थांबली नाहीत. एक खडा तिनं बाजूला टाकला. "मला वाटलंच होतं. समोरच्या टेकाडावर तिपाई दिसली होती रविवारी. म्हटलं, आपला यज्ञू नसेल, असता तर त्यानं हाक मारली असती."

"लांब होतो मी."

"किती दिवस?"

"तीन."

आता तिची बोटं थांबली. "पहिल्या दिवशी ओळखलंस?"

"हो."

"मग दुसऱ्या दिवशी कशाला आलास?"

यानंतर काय बोलायचं ते त्यानं ठरवून ठेवलं होतं. मोजणीचा नियम, तीन वेगळे वार, दुसऱ्या कुणी बघण्यापेक्षा. ते सगळं त्यानं बाजूला ठेवलं. त्यानं पंपघराचं सांगितलं. पांढरा, फिका, हिरवा सांगितला. "मी सात लिहू शकतो," तो म्हणाला. "मग जागा राहील. निदान काही वर्षं."

"सात कोण?"

"कुणी नाही. नुसता आकडा."

"म्हणजे माझ्याबरोबर आणखी सहा जण बसवणार तू तिथं." तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं. तिचा आवाज चढला नव्हता. "नको. एक होते, एकच लिही. पण यज्ञू, तुला सांगते, त्या जागेवर मी सत्तावीस वर्षं जाते आहे. मला पोहायला त्यांनी शिकवलं. महेश्वरला, नर्मदेत, पहाटे, सासूबाई उठायच्या आधी. पाठीखाली हात धरायचे आणि म्हणायचे, मी सोडला हं, आणि सोडलेला नसायचा. मग एक दिवस खरंच सोडला होता तरी मला कळलं नाही. पाच वर्षांच्या संसारातलं मला एवढं एकच नीट आठवतं. तेही घरात बसून आठवत नाही. पाण्यातच आठवतं." तिनं पदरानं तोंड पुसलं, रडली नव्हती तरी. "तिथं मला कुणी बघत नव्हतं. न तू, न बाबा, न देव. आता तू तीन दिवस बघितलंस."

अक्काच्या नवऱ्याचं नाव माधव होतं. हे यज्ञेश्वरला आठवायला पाटावर बसल्या बसल्या थोडा वेळ लागला, आणि त्या वेळानं त्याला जो चटका बसला तो दुर्बिणीतल्या पहिल्या धक्क्याहून मोठा होता. घरात त्या माणसाला नाव नव्हतं. 'ते गेले' एवढंच होतं. जणू जाणं हेच त्यांनी केलेलं एकमेव काम. लग्नात यज्ञेश्वर चार वर्षांचा असेल. कुणीतरी त्याला उचलून उंच धरलं होतं, मांडवाच्या कापडाला डोकं लागेपर्यंत, आणि त्या हातांना उटण्याचा वास होता. ते हात असतील का? विचारलं असतं तर अक्कानं सांगितलं असतं. पण ती सूप घेऊन आत गेली होती, आणि आतून तांदूळ धुतल्याचा आवाज येत होता.

त्यानं एक लिहिला. नकाशात अकरा नंबर पांढरा राहिला. भय्यासाहेबांनी माणसं पाठवून तिथं खुंट्या ठोकून घेतल्या. आणि अक्का दुपारची जायची बंद झाली. तीन वाजले की ती माजघरात यायची, काहीतरी हातात घ्यायची, जयूचा फ्रॉक, वाती, काल घासलेला तांब्या. घराला त्या दोन तासांत तिची सवय नव्हती. सुमनची शेजारीण त्या वेळेला यायची ती अवघडून लवकर उठू लागली. मुली पत्त्यांचा डाव मांडायच्या त्या हळू बोलू लागल्या. "वन्सं हल्ली पोथीला का जात नाहीत हो?" सुमननं त्याला विचारलं. "काही बोलला आहात का त्यांना?" तो म्हणाला, "मी काय बोलणार?" अक्का त्याच्याशी नेहमीसारखी बोलायची, वाढायची, सायकलच्या कॅरिअरला डबा बांधून द्यायची. पण तो घरात वावरताना तिचे खांदे पुढे आलेले असायचे. पूर्वी कधी तो अक्काकडे बघायचा नाही, तेव्हा ते तसे होते की नव्हते, हे आता कळायला मार्ग नव्हता. एकदा नळावर हात धुताना तिच्या केसांकडे नजर गेली. कोरडे केस किती पांढरे होते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. पहिली, कचेरीतली सगळी आखणी भोपाळला पाठवायचा हुकूम आला, आणि नव्या राज्यात नव्यानं योजना होतील, जुनं काम जसंच्या तसं थांबवावं, असं त्यात लिहिलेलं होतं. शिप्रेचा चोवीस तुकड्यांचा नकाशा गुंडाळून पत्र्याच्या नळीत घातला. कर्णिक मुंबईला परत गेले; जाताना यज्ञेश्वरचा हात हातात घेऊन म्हणाले, "काम उत्तम झालं होतं हो." ना बाकं, ना बँड, ना पंपघर. खुंट्या तेवढ्या राहिल्या, आणि गेंदालालनं सांगितलं की त्याही कुणीतरी सरपणाला उपटून नेल्या. दुसरी गोष्ट, यज्ञेश्वरची बदली भोपाळला झाली. दिवाळीनंतर आठ दिवसांत हजर व्हायचं.

त्या दिवशी तो कचेरीतून सायकल हाणत आला. बदलीपेक्षा आधी त्याला ते दुसरं सांगायचं होतं. अक्का परसात तुळशीला पाणी घालत होती. "अक्का, पंपघर होत नाही," तो धापा टाकत म्हणाला. "काहीच होत नाही. जागा होती तशीच राहणार."

तिनं तांब्या रिकामा केला. "ती जागा आता तुला माहीत आहे न," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. लहानपणी त्याला पाढा समजावून सांगायची तसं सांगत होती.

भोपाळचं ऐकून मात्र ती पहिल्यांदा त्याच्यासमोर पाटावर बसली. म्हणाली, "मी येणार नाही." यज्ञेश्वरला वाटलं, ती रुसली आहे. सुमनला वाटलं, सामानाच्या भीतीनं म्हणताहेत. पण वेगळं राहायचं तिनं बदलीच्या आधीच ठरवलेलं होतं, आणि ठरवून आठ दिवस झाले होते. पाठच्या गल्लीत माई नावाच्या एक वृद्ध बाई मुलींना शिवण शिकवायच्या. त्यांना हाताखाली कुणी हवं होतं, आणि वरची खोली रिकामी होती. "अगं पण तू एकटी," यज्ञेश्वर म्हणाला. "आजारी पडलीस तर? आणि लोक काय म्हणतील, भावानं टाकली म्हणून?"

"लोक मोजायचं काम तुझं," अक्का म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून तिलाच वाईट वाटलं असावं. तिनं हात पुढे करून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. "अरे, मी तुला वाढवलं ते मला जड नाही झालं. सुमन चांगली आहे, पोरी माझ्या आहेत. पण यज्ञू, मला तू नेतोस म्हणून जायचं नाही आहे. आणि तू ठेवतोस म्हणून राहायचं नाही आहे. समजतंय का तुला?" त्यानं मान हलवली. त्याला पुरतं समजलेलं नव्हतं. पण तिच्या तळहाताचं वजन गुडघ्यावर जाणवत होतं, आणि ते त्याला ओळखीचं होतं. गोवरात असंच ती कपाळावर हात ठेवायची, तापाचा अंदाज घ्यायला.

निघायच्या आदल्या दिवशी घरभर पेट्या होत्या. सुमन भांडी पोत्यात भरत होती आणि दर दोन भांड्यांनी एक अक्काच्या वाट्याला बाजूला काढत होती. सुलू रडून झोपली होती. तीन वाजले असतील. अक्का तिच्या कोपऱ्यातून उठली, दांडीवरचा पंचा ओढून घेतला, एक कोरडं लुगडं घडी करून त्यात गुंडाळलं, आणि सगळ्यांच्या मधून दाराशी आली. पंचा तिनं पदराखाली घेतला नव्हता. "मी नदीवर जाऊन येते," ती मोठ्यानं म्हणाली. सुमनच्या हातातली कढई तशीच राहिली. या घरात हे वाक्य कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"आत्या, मीही येऊ?" जयूनं विचारलं.

"एकटी जाणार आहे," अक्का म्हणाली, आणि पायरी उतरली.

यज्ञेश्वर दाराच्या चौकटीत उभा राहिला. गल्लीच्या टोकाला ती पोचली. गोपाळ मंदिराची वाट उजवीकडे होती, चिंचांचा उतार डावीकडे, आणि ती दोन्हीकडे न वळता सरळ गेली, जुन्या वखारीच्या बाजूनं, जिथून काठाला जायला चार तरी वाटा फुटतात. चौदा, पंधरा, सोळा, तो मनात म्हणाला, तिथून एवढ्याच तुकड्यांना जाता येतं. सोळाला पाणी उथळ, म्हणजे चौदा किंवा पंधरा. अंगणात सायकल उभी होती. तो मागे वळला आणि पेटीच्या दोरीला गाठ मारू लागला.

"बाबा, आत्या कुठं गेली?" जयू त्याच्या मागे येऊन म्हणाली.

"नदीवर."

"पण नदीवर कुठं?"

"मला माहीत नाही," यज्ञेश्वर म्हणाला, "इथं बोट ठेव. घट्ट." जयूनं गाठीवर बोट ठेवलं.